अर्धसंवाहक : एका संज्ञेचा आणि काही प्रबंधांचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पदार्थविज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे सकृद्दर्शनी औचित्याला सोडून आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आरंभीच सांगितलेले बरे. काही महिन्यांपूर्वी पदार्थविज्ञानाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचा मराठी गोषवारा भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी माझ्याकडे आणून दिला. क्वांटम तंत्रविद्येस उपयोगी पडणारे अर्धसंवाहक पदार्थ, विशेषतः सिलिकॉन व जर्मेनियम ह्यांचे अतिशय पातळ थर, हा तिच्या प्रबंधाचा विषय. गोषवाऱ्याची भाषा स्वच्छ होती. मात्र त्यात एके ठिकाणी असे विधान आले होते की, पदार्थातील अशुद्धी घटविल्यामुळे आणि त्यात अशुद्धी घातल्यामुळे त्याचे इष्ट गुण प्रकट झाले. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्यावर तिचे म्हणणे असे पडले की, वाक्यात चूक नाही. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरतात आणि दोन्ही विधाने खरी आहेत.

ह्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. एकच शब्द दोन परस्परविरुद्ध गोष्टींना कसा लावला जातो, हे पाहावयाचे म्हणून मी ह्या विषयाचा इतिहास चाळू लागलो. तो चाळता चाळता दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ह्या शब्दांच्या अर्थात ह्या शास्त्रात वेळोवेळी जे फेरबदल झाले, त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या शास्त्राचाच इतिहास आहे. दुसरी अशी की, ह्या फेरबदलांच्या वळणावर पुष्कळदा कोणाचा तरी डॉक्टरेटचा प्रबंध उभा असलेला आढळतो. प्रस्तुत लेखात ह्या दोन गोष्टींचा मागोवा घेतला आहे. अर्धसंवाहकांचा समग्र इतिहास लिहिण्याचा अधिकार माझा नाही, आणि तो हेतूही नाही.

प्रथम संज्ञेविषयी. विद्युत् वाहून नेणारे ते संवाहक व न नेणारे ते निरोधक, ही विभागणी अठराव्या शतकात रूढ झाली. ह्या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या पदार्थांसाठी ‘अर्ध’ हे उपपद लावण्याचा मान सामान्यतः अलेस्सांद्रो व्होल्टा ह्यास दिला जातो. १७८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आलेल्या त्याच्या निबंधात संगमरवर, लाकूड ह्यांसारख्या पदार्थांना उद्देशून हे विशेषण आले आहे. व्होल्टाच्या मनातील अर्थ सरळ होता : संगमरवरावर ठेवलेला भार झटकन निघून जात नाही व कायमचा टिकतही नाही. ‘अर्ध’ म्हणजे येथे निव्वळ परिमाण, कमीअधिकपणा. आज आपण ज्यांना अर्धसंवाहक म्हणतो त्यांच्याशी ह्या संगमरवराचा काही संबंध नाही. शब्द आधी आला. त्याने पुढे ज्याला नाव द्यावयाचे ती वस्तू अद्याप कोणी पाहिलेली नव्हती.

ती वस्तू प्रथम दिसली मायकेल फॅरडे ह्यास, १८३३ मध्ये. सिल्व्हर सल्फाइड तापविले असता त्याची विद्युत्संवाहकता वाढते, असे त्याला आढळले. धातू तापविला म्हणजे त्याची संवाहकता घटते, हे तोपर्यंत ज्ञात झालेले होते. येथे नेमके उलट घडत होते. फॅरडेने ह्या विलक्षण वर्तनाची नोंद केली, पण त्यास नाव दिले नाही. त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत अशा नोंदी साचत गेल्या. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ ह्यास सेलेनियमचा रोध प्रकाशात कमी होतो असे दिसले. १८७४ मध्ये फर्डिनांड ब्राउन ह्यास काही धातूंची सल्फाइडे प्रवाहाला एका दिशेने जाऊ देतात व दुसऱ्या दिशेने अडवितात असे दिसले. जगदीशचंद्र बोस ह्यांनी गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडाच्या स्फटिकाचा विद्युत्-तरंगांच्या शोधनासाठी उपयोग केला. त्यावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेतील एकस्व मिळाले. परंतु हे सर्व पदार्थ एका जातीचे आहेत, ही जाणीव नसल्यामुळे त्यांना एक नाव नव्हते. किंवा असेही म्हणता येईल की, एक नाव नसल्यामुळे ती जाणीव नव्हती. ह्यांपैकी कोणते आधी, हा आमच्या शास्त्रातील जुना वाद आहे. तो येथे सोडून देतो.

नाव आले ते एका प्रबंधातून. जर्मनीतील फ्रायबुर्क विद्यापीठात योझेफ वाइस ह्या विद्यार्थ्याने १९१० मध्ये आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याचा विषय उष्णता व विद्युत् ह्यांच्या परस्परसंबंधातून इलेक्ट्रॉन सिद्धांताला मिळणारा प्रायोगिक आधार, असा होता. ‘अर्धसंवाहक’ ह्या अर्थाचा जर्मन शब्द आधुनिक अभिप्रायाने प्रथम येथे आढळतो, असे ह्या शास्त्राच्या इतिहासकारांचे मत आहे. पुढल्याच वर्षी वाइस व त्याचे मार्गदर्शक योहान क्योनिग्सबेर्गर ह्यांच्या संयुक्त निबंधातून तो छापून सर्वांपुढे आला. ज्या विद्यार्थ्याने जगातील सर्वांत मोठ्या उद्योगांपैकी एकाला नाव दिले, त्याचे स्वतःचे नाव आज पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांनाही बहुधा ठाऊक नसते.

येथे एक बारकावा नमूद केला पाहिजे. १९१४ मध्ये क्योनिग्सबेर्गरने घन पदार्थांचे जे तीन वर्ग पाडले, त्यांतील मधल्या वर्गास त्याने ‘अर्ध’ न म्हणता ‘परिवर्ती संवाहक’ म्हटले. अर्थात ज्याची संवाहकता परिस्थितीनुसार पालटते असा. माझ्या मते हे नाव अधिक यथार्थ होते. ह्या पदार्थांचे वैशिष्ट्य निम्मेपणात नाहीच. ते उष्णतेने, प्रकाशाने, विद्युत्क्षेत्राने आणि अन्य द्रव्याच्या अल्पशा अंशाने पालटण्यात आहे. मराठीत तर ‘अर्ध’ हे उपपद अधिकच अडचणीचे. आपल्याकडे ‘अर्धवट’ म्हटले की उणेपणा आला. ना धड संवाहक, ना धड निरोधक असा काहीसा ध्वनी त्यातून उमटतो. मराठी विश्वकोशाने ‘अर्धसंवाहक’ स्वीकारला, हिंदीने ‘अर्धचालक’. दोन्हींनी परकीय शब्दाचा ‘अर्ध’ जसाच्या तसा उचलला आणि त्याबरोबर व्होल्टाचा संगमरवरही उचलला. रूढ झालेली संज्ञा बदलू पाहणे हा वेडेपणा होय, हे मी जाणतो. पण चांगले नाव हरले व उणे नाव जिंकले, एवढी नोंद इतिहासात असावी.

आता मागे जाऊन एका वेगळ्या प्रबंधाकडे वळतो, कारण त्याचा उगम शब्दांच्या वाचनातच आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी हेन्री रोलंड ह्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याआधी दोन वर्षे त्याने शाळेत शिक्षकाचे काम केलेले होते. मॅक्सवेलचा विद्युत् व चुंबकत्व ह्यांवरील महाग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता व तोच अभ्यासाला होता. त्या ग्रंथात मॅक्सवेलने वाचकाला मुद्दाम सावध केले आहे की, चुंबकीय क्षेत्रातील तारेवर जी प्रेरणा कार्य करते ती तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर कार्य करीत नसून तो प्रवाह वाहून नेणाऱ्या संवाहकावर कार्य करते. हॉलला हे विधान पटेना. तारेतून प्रवाह जात नसेल तर चुंबक तारेला ढकलीत नाही. मग प्रेरणा प्रवाहावर नाही असे कसे म्हणावयाचे? त्याच सुमारास स्वीडनमधील एका शास्त्रज्ञाचा निबंध त्याच्या वाचनात आला, त्यात मॅक्सवेलच्या उलट मत गृहीत धरलेले होते. दोन प्रमाणग्रंथांत विरोध दिसताच हॉल आपल्या गुरूंकडे गेला. रोलंड ह्यांनाही मॅक्सवेलचे ते विधान संशयास्पद वाटत होते व त्यांनी स्वतः त्याविषयी एक अयशस्वी प्रयोग करून पाहिलेला होता.

हॉलने तोच प्रयोग थोडा फेरफार करून पुन्हा केला. जाड पत्र्याऐवजी त्याने काचेवर चिकटविलेला सोन्याचा वर्ख घेतला. वर्ख जितका पातळ तितका परिणाम मोठा, हे त्यातील मर्म होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलला. वर्खातून प्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले असता वर्खाच्या दोन कडांमध्ये विद्युत्-दाब निर्माण होतो, हे सिद्ध झाले. हॉल तेव्हा चोवीस वर्षांचाही पुरता झालेला नव्हता. इलेक्ट्रॉनाचा शोध लागावयास अजून अठरा वर्षे अवकाश होता. मॅक्सवेलला ही वार्ता कळणे शक्य नव्हते. तो त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी निवर्तला.

ह्या प्रबंधाचे महत्त्व त्याच्या काळी कोणाला मोजता आले नाही. निरनिराळे धातू घेऊन पाहता काहींत तो दाब अपेक्षित दिशेने येई, तर काहींत उलट्या दिशेने. जणू काही त्या धातूंमध्ये वाहणारी वस्तू ऋण भाराची नसून धन भाराची आहे. हे कोडे अर्धशतक तसेच राहिले. त्याची उकल होण्यासाठी आणखी एक प्रबंध लिहिला जावा लागला. लाइप्झिग येथे हायझेनबेर्क ह्यांच्याकडे फेलिक्स ब्लॉख ह्या तरुणाने १९२८ मध्ये तो पुरा केला. स्फटिकात अणू इतके दाटीने बसलेले असताना इलेक्ट्रॉन त्यांना न अडखळता शेकडो अणूंच्या अंतरापर्यंत कसा जातो, हा त्याचा प्रश्न होता. ब्लॉखने दाखविले की, अणूंची मांडणी काटेकोर नियमित असेल तर पुंजयामिकीप्रमाणे इलेक्ट्रॉनाचा तरंग त्या मांडणीच्या लयीशी जुळवून घेतो व अडखळत नाही. अडखळण होते ती नियमितपणाचा भंग झालेल्या ठिकाणी. ह्या पायावर १९३१ मध्ये ॲलन विल्सन ह्याने ऊर्जापट्टांची कल्पना मांडून धातू, निरोधक व अर्धसंवाहक ह्यांतील भेद प्रथमच समाधानकारक रीतीने सांगितला. भरलेल्या पट्टातून एक इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे राहिलेली पोकळी धन भारासारखी वागते, हेही ह्याच काळात स्पष्ट झाले, आणि हॉलच्या उलट्या चिन्हाचा उलगडा झाला. नसलेपणालाच एक वस्तू मानून तिला भार, वेग व वस्तुमान द्यावयाचे, ही कल्पना व्याकरण शिकलेल्यास अपरिचित वाटू नये. पाणिनीच्या शास्त्रात लोप हाही एक आदेशासारखाच वागतो.

परंतु विल्सनच्या सिद्धांताचे स्वागत कसे झाले? त्याच वर्षी वोल्फगांग पाउली ह्याने पायर्ल्स ह्यास लिहिलेल्या एका पत्रात सल्ला दिला की, अर्धसंवाहकांच्या नादी लागू नये. तो सारा घाणीचा कारभार आहे, आणि अर्धसंवाहक नावाचे काही खरोखर अस्तित्वात आहे की नाही हेही कोण जाणे. पाउलीची जीभ तिखट होती हे प्रसिद्धच आहे, पण हे निव्वळ तिखटपणाचे बोल नव्हते. एकाच पदार्थाच्या दोन नमुन्यांची संवाहकता हजारपटींनी भिन्न येई. बेर्नहार्ड गुडेन ह्यांच्यासारख्या जाणत्या प्रयोगकर्त्याचेही मत असे होते की, अर्धसंवाहकता हा पदार्थाचा गुण नसून त्यात मिसळलेल्या मळाचा गुण आहे. पदार्थ पूर्ण शुद्ध केला तर ती नाहीशी होईल.

येथे आपण त्या गोषवाऱ्यातील वाक्यापाशी येऊन पोचतो. सिलिकॉनच्या एक कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घातला, तर सामान्य तपमानाला त्याची संवाहकता लाखपटीहून अधिक वाढते. आपल्या सोनारांच्या भाषेत सोन्यातील परक्या धातूला ‘हीण’ म्हणतात व त्यावरून ‘हिणकस’ हा शब्द आपण माणसांच्या कृतींनाही लावतो. पण कोटीत एक इतके हीण कोणत्याही सोनाराच्या कसोटीवर उमटणार नाही. रसायनशास्त्राने ज्याला शुद्ध म्हणावे तो पदार्थ ह्या शास्त्राच्या दृष्टीने कमालीचा मलिन होता, आणि त्या मलिनतेचे प्रमाण हाती नसल्यामुळेच पाउलीला घाण दिसली. मळ आहे ही अडचण नव्हती. तो किती व कोणता हे ठाऊक नाही ही अडचण होती. प्रमाण हाती येताच तोच मळ औषधाच्या मात्रेसारखा मोजून देता येऊ लागला.

हे प्रमाण हाती कसे आले, त्याची हकीकत दुसऱ्या महायुद्धातील रडारशी निगडित आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात कार्ल लार्क-होरोव्हित्झ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांचा एक गट जर्मेनियम शुद्ध करून त्यात ठराविक मात्रेने इतर द्रव्ये मिसळण्याचे काम करीत होता. त्या गटातील सीमोर बेन्झर ह्यास १९४७ मध्ये तेथेच डॉक्टरेट मिळाली. पुढे तो जीवशास्त्राकडे वळला आणि आनुवंशिकीत अपार कीर्ती मिळवून गेला. दुसरा विद्यार्थी राल्फ ब्रे. जर्मेनियमच्या पृष्ठभागावर टोकदार तार टेकवून तीतून विद्युत्-दाबाचे अल्पकालिक स्पंद सोडले असता रोध हिशेबापेक्षा फारच कमी भरतो, असे ब्रे ह्यास आढळले. ह्याचे कारण त्यास सापडेना. आज आपणांस ठाऊक आहे की, त्या टोकातून जर्मेनियममध्ये पोकळ्या शिरत होत्या. ट्रांझिस्टरचे सारे रहस्य ह्या शिरकावात आहे. ब्रे रोज ते रहस्य मोजीत होता.

पुढील प्रसंग वॉल्टर ब्रॅटन ह्यांनी स्वतः सांगितलेला आहे. बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन ह्यांना १६ डिसेंबर १९४७ रोजी ट्रांझिस्टर साधला होता, परंतु ती गोष्ट ३० जून १९४८ पर्यंत गुप्त ठेवण्यात आली. मधल्या काळात पदार्थवैज्ञानिकांच्या एका परिषदेत पर्ड्यूचे हे तरुण ब्रॅटन ह्यांना भेटले आणि आपल्या कोड्याविषयी बोलू लागले. ब्रे म्हणाला की, त्या टोकाजवळ दुसरे एक टोक टेकवून तेथील दाब मोजला, तर काय चालले आहे ते कदाचित कळेल. दुसरे टोक हाच ट्रांझिस्टर. ब्रॅटन ह्यांनी, होय, तो प्रयोग करण्यासारखा आहे, एवढेच उत्तर दिले आणि ते तेथून निघून गेले. ही गोष्ट सांगताना लोक बहुधा हसतात. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. ब्रेचे निरीक्षण अचूक होते, पुढील पाऊलही त्याने अचूक ओळखले होते. केवळ काही आठवड्यांचा उशीर झाला होता. प्रबंधाचे मूल्य ठरविताना आपण शोध कोणी लावला एवढेच विचारतो, प्रश्न कोणी ओळखला हे विचारीत नाही.

ह्याच काळातील आणखी दोघांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गॉर्डन टील ह्याने ब्राउन विद्यापीठात जर्मेनियमच्या रसायनावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्या मूलद्रव्याचा जगात काहीही उपयोग नव्हता. त्या निरुपयोगीपणाचेच त्याला आकर्षण वाटले असे तो पुढे सांगे. बेल प्रयोगशाळेत असताना ट्रांझिस्टरसाठी लहान लहान कणांचा पुंजका न घेता एकसंध स्फटिक घेतला पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. वरिष्ठांना त्याची गरज वाटत नव्हती. त्याने जॉन लिटल ह्या सहकाऱ्याच्या मदतीने वेळी-अवेळी खपून वितळलेल्या जर्मेनियममधून तसा स्फटिक हळूहळू ओढून काढला, आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. ब्लॉखच्या प्रबंधातील ‘काटेकोर नियमित मांडणी’ येथे प्रथम मुठीत धरण्याजोगी झाली. दुसरा विल्यम फॅन. ह्याने डॉक्टरेट केलेली नव्हती. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करीत रात्रीच्या वर्गांतून तो पदवीधर झाला होता. जर्मेनियमच्या कांडीचा एक अरुंद पट्टा वितळवून तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवीत नेला म्हणजे बरेचसे हीण वितळलेल्या भागाबरोबर वाहत टोकाला जाऊन साचते, ही युक्ती त्याची. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. अब्ज अणूंत एखादा परका अणू, इतकी शुद्धी तीमुळे शक्य झाली. प्रबंधांच्या इतिहासात प्रबंध न लिहिलेल्या ह्या माणसाचे स्थान फार मोठे आहे.

ह्यानंतरची तीस वर्षे उद्योगाची आहेत. ती वगळून एकदम १९८० वर येतो. ५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रनोब्ल येथील उच्च चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगशाळेत क्लाउस फोन क्लिट्झिंग ह्याने हॉलचाच प्रयोग सिलिकॉनच्या ट्रांझिस्टरमधील अतिशय पातळ इलेक्ट्रॉनथरावर अतिशीत तपमानाला केला. हॉलचा रोध सलग न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढला, आणि प्रत्येक पायरीचे मूल्य २५,८१२.८०७ ओहम ह्या संख्येस पूर्णांकाने भागून येते असे दिसले. नमुना सिलिकॉनचा असो वा अन्य कशाचा, त्याचा आकार काहीही असो, संख्या तीच. गमतीची गोष्ट अशी की, नमुन्यात थोडे हीण व थोडी अनियमितता असावी लागते. तीमुळेच काही इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतात व पायरीला रुंदी येते. निसर्गातील एक अत्यंत शुद्ध संख्या दिसावयास पदार्थ किंचित हिणकस असावा लागतो, हे ऐकल्यावर मी त्या विद्यार्थिनीच्या वाक्याखालील रेघ खोडून टाकली.

क्वांटम तंत्रविद्येत हा शब्दार्थ आणखी एकदा पालटला. १९९८ मध्ये दोन प्रस्ताव पुढे आले. डॅनिएल लॉस व डेव्हिड डिव्हिन्सेंझो ह्यांनी अर्धसंवाहकातील एका सूक्ष्म कप्प्यात एकच इलेक्ट्रॉन कोंडून त्याच्या स्पिनवर, म्हणजे परिवलनावर, गणितातील शून्य व एक ह्यांची पुंजयामिकीय मिश्र अवस्था लिहावी असे सुचविले. ह्या कप्प्याला ‘पुंजबिंदू’ म्हणतात. २०२३ च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेले रंगीत पुंजबिंदू हे द्रवात किंवा काचेत तयार होणारे कण असून त्यांहून हे भिन्न आहेत. नाव मात्र दोहोंचे एकच. शिवाय मराठीत ‘पुंज’ म्हणजे रास. जिथे अल्पात अल्प वाटा असा अर्थ अभिप्रेत आहे तेथे आपण ढिगाचा शब्द योजून बसलो आहोत. असो. दुसरा प्रस्ताव ऑस्ट्रेलियातून ब्रूस केन ह्याने मांडला : सिलिकॉनमध्ये बसविलेल्या फॉस्फरसच्या एकेका अणूचे केंद्रच हे अक्षर मानावे. कालपर्यंत कोटीत एक ह्या प्रमाणात मोजले जाणारे हीण येथे एकेका नगाने मोजावयाचे, आणि तेच लिहिलेला मजकूर व्हावयाचे.

प्रायोगिक कामाचा मोठा भार पुन्हा विद्यार्थ्यांनी वाहिला. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे येरून एल्झरमन ह्याने २००४ मध्ये एका पुंजबिंदूतील एकाच इलेक्ट्रॉनाचे परिवलन एका वाचनात ओळखून दाखविले. २००६ मध्ये फ्रांक कोपेन्स ह्याने ते इच्छेनुसार फिरवून दाखविले. दोघेही त्या वेळी डॉक्टरेटचे काम करीत होते. त्यांचा पदार्थ गॅलियम आर्सेनाइड हा होता, आणि तो रासायनिक दृष्ट्या अत्यंत शुद्ध करता येई. तरीही इलेक्ट्रॉनावर लिहिलेले सुमारे दहा नॅनोसेकंदांत विसकटून जाई. ह्याचे कारण कोणतेही परके द्रव्य नव्हते. गॅलियम व आर्सेनिक ह्यांच्या प्रत्येक अणुकेंद्राला स्वतःचे परिवलन असते, आणि त्या लाखो इवल्या चुंबकांच्या गलबल्यात एका इलेक्ट्रॉनाचा सूर बुडून जातो. पदार्थ स्वतःच स्वतःचे हीण झाला होता.

सिलिकॉनकडे वळण्याचे कारण हे. नैसर्गिक सिलिकॉनच्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ब्याण्णव अणू २८ भारांकाचे असतात व त्यांच्या केंद्राला परिवलन नसते. २९ भारांकाचे सुमारे पाच अणू मात्र गडबड करतात. म्हणजे आता सिलिकॉनमधून सिलिकॉनच वेगळे काढावयाचे. येथे कोहेई इतो ह्याच्या प्रबंधाची आठवण होते. बर्कली येथे १९९४ मध्ये पुरे झालेले त्याचे काम समस्थानिक निवडून बनविलेल्या जर्मेनियमवर होते. तेव्हा क्वांटम संगणक हे त्याचे उद्दिष्ट असण्याचे कारणच नव्हते. लॉस, डिव्हिन्सेंझो व केन ह्यांचे प्रस्ताव यावयास आणखी चार वर्षे होती. पुढे जपानमधील केओ विद्यापीठातून त्याने पुरविलेल्या २८ भारांकाच्या सिलिकॉनच्या थरांवर सिडनी येथील संशोधकांनी २०१४ मध्ये काम केले. दशलक्ष अणूंमागे २९ भारांकाचे आठशे अणू राहिले होते, आणि इलेक्ट्रॉनाची स्मृती १२० मायक्रोसेकंद टिकली. गॅलियम आर्सेनाइडच्या मानाने ही बारा हजार पट वाढ होय. त्याच वर्षी फॉस्फरसच्या अणुकेंद्रावर लिहिलेले तीस सेकंदांहून अधिक काळ टिकविण्यात आले. एरवी स्वयंपाकघरातील दूध उतू जावयास इतकाच अवधी लागतो; पुंजयामिकीच्या जगात हा युगांचा काळ आहे.

आणि शेवटी जर्मेनियम परतले. १८८६ मध्ये फ्रायबेर्क येथे क्लेमेन्स विंक्लर ह्याने शोधलेले हे मूलद्रव्य, पहिल्या ट्रांझिस्टरनंतर वीसएक वर्षांत सिलिकॉनने मागे सारलेले. वाइसचे फ्रायबुर्क वेगळे व विंक्लरचे फ्रायबेर्क वेगळे. मराठी पुस्तकांत दोहोंची गल्लत होते म्हणून सांगितले. डेल्फ्ट येथे सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरांमध्ये दाबून बसविलेल्या जर्मेनियमच्या अतिपातळ पटलात निको हेंड्रिक्स ह्या संशोधक विद्यार्थ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी चार पुंजबिंदूंचा एक गणक २०२१ मध्ये सादर केला. ह्यातील प्रत्येक बिंदूत इलेक्ट्रॉन नाही, इलेक्ट्रॉनाची पोकळी आहे. हॉलच्या उलट्या चिन्हातून आणि ब्रेच्या न जुळणाऱ्या हिशेबातून डोकावून गेलेली तीच ही पोकळी. गोषवारा घेऊन आलेल्या विद्यार्थिनीचे थरही ह्याच जातीचे आहेत. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये पदार्थ व उपकरणे हा एक स्वतंत्र विभाग आहे, आणि मापनाच्या विभागाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.त आहे, तेव्हा अशा गोषवाऱ्यांची संख्या वाढत जाणार.

राहता राहिला तिच्या वाक्याचा प्रश्न. मुद्दाम घातलेल्या अणूंना मी प्रथम ‘विरजण’ हा शब्द सुचविला : चमचाभर घातले की पातेलेभर दुधाचा गुण पालटतो. तिने तो तत्काळ नाकारला, आणि ते योग्यच केले. विरजण दुधात वाढत जाते, फॉस्फरसचा अणू मात्र बसविलेल्या जागी एकटाच राहतो. ‘पुट’ हा वैद्यकातील शब्दही चालला नाही, कारण त्यात पुनःपुन्हा देण्याचा अर्थ आहे. अखेर नको असलेल्यांसाठी ‘अपद्रव्य’, घातलेल्यांसाठी ‘निविष्ट अणू’ आणि २९ भारांकाच्या सिलिकॉनसाठी केवळ ‘नको असलेला समस्थानिक’ अशी तडजोड झाली. तिसऱ्यासाठी एक शब्द आम्हांला सापडला नाही. जे परके नाही, रसायनाच्या कोणत्याही कसोटीवर वेगळे दिसत नाही, आणि तरी काढून टाकावे लागते, त्याला काय म्हणावे ह्याविषयी वाचकांनी सूचना कराव्यात. पुढील प्रबंधांत त्यांची गरज पडेल.